सात पुस्तकं आणि मावशींचा फवारा

१. शुक्रवारचं खोकं

सोमवारी सकाळी शुक्रवारचं खोकं उघडलं आणि सातवं पुस्तक मेलेलं निघालं.

मेलेलं म्हणजे पुरतं मेलेलं. मी ते उचललं तर पुठ्ठा हातात राहिला आणि आतली पानं टेबलावर घसरत गेली. पंधरवड्यात अशी सहा गेली होती. हे सातवं. सगळी नवीकोरी, सगळी रहस्यकथांच्या कपाटातली.

साथ आल्यापासून आमच्या वाचनालयाचा दरवाजा वाचकांना बंद होता. पुस्तक परत करायचं तर बाहेरून खिडकीखालच्या फटीत सरकवायचं, ते आत खोक्यात पडायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी सफाईच्या मावशी खोक्यावर वाराची चिठ्ठी चिकटवायच्या आणि पायाने ढकलत ढकलत ते आतल्या खोलीत न्यायच्या, मग हातमोजे घालून टेबलावर चढवायच्या. तीन दिवस खोकं बंद. चौथ्या दिवशी मी उघडायची, नोंद करायची, पुस्तक कपाटात लावायची. नवीन पुस्तक हवं असेल तर वाचकाने फोन करायचा. मी ते कापडी पिशवीत घालून, वर कार्डाचा नंबर लावून व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवायची. ज्याची त्याने न्यायची. कोण नेतं, कोण आणतं, मला दिसत नसे. ग्रंथपाल म्हणून अठरा वर्षं लोकांची तोंडं पाहिली, आता नुसत्या पिशव्या पाहत होते.

"सात," दारातून आवाज आला.

वाचनालयाचे चिटणीस उंबऱ्याबाहेर उभे होते. तीन दिवसांचा नियम त्यांनीच केला होता. पार्सल कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस साथीच्या आधीही टापटिपीचा होता, साथीने त्याला अगदी रान मोकळं करून दिलं. दार कोपराने उघडायचं. पेन स्वतःचं, ते दुसऱ्याला द्यायचं नाही. वापरलेले हातमोजे नुसते टाकायचे नाहीत. जुन्या कागदात ठेवून, चारी कोपरे मुडपून, पार्सल करून मग कचऱ्यात. कचरा इतका देखणा, की उघडून बघावासा वाटायचा.

"मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "फवारा!"

मावशी माझ्या पाठीमागे उभ्या होत्या, हातात पंपाची बाटली. बावीस वर्षं त्यांनी हे वाचनालय झाडलं, पुसलं. टाळेबंदीतही रोज येऊन खिडक्या उघडून गेल्या, कपाटांना ओल धरू नये म्हणून.

"साहेब, मी खोक्यावर कधी मारत नाही. टेबलावर मारते, कडीवर मारते, खिडकीवर मारते."

"आणि टेबलावर काय असतं?"

"खोकं."

"झालं तर मग! औषध झिरपतं, गोंद सुटतो. दोनदा बजावलं तुम्हाला." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "शनिवारी सभा आहे. सफाईचं काम बाहेरच्यांना द्यायचा ठराव मी मांडतोय. मला बरं वाटत नाहीये हे, पण पुस्तकं मरतायत."

ते गेले. मावशींनी बाटली खाली ठेवली.

"ताई, या वयात मला कोण ठेवून घेणार हो? लोक सख्ख्या भावाला घरात घेत नाहीत सध्या."

 मी फोन उचलला आणि माझ्या थोरल्या नणंदेला लावला.

"वन्सं, सातवं गेलं."

"आलेच. आणि वहिनी, पानं गोळा करू नकोस."

"का?"

"प्रेत हलवायचं नसतं."

२. तपासणी

वन्सं पुस्तकं दुरुस्त करतात. तीस वर्षं आमच्या वाचनालयाची फाटकी-तुटकी त्यांच्याच टेबलावर जातात. उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमची खळ लागलेली. मास्कही बांधणीच्या कापडाचा शिवलेला, इतका ताठ की त्यांचा आवाज ड्रॉवरमधून आल्यासारखा येतो. लग्नानंतर पहिली दहा वर्षं मी त्यांना घाबरायचे. नंतर कळलं, त्या तोंडाने फटकळ असल्या तरी हाताने फार हळव्या आहेत.

त्यांनी हात धुतले, पुसले, आणि टेबलाशी वाकल्या. मावशी आणि मी खिडकीशी उभ्या.

"फवारा कुणाकडे आहे?"

मावशी दचकल्या. "मी नाही हो काही..."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय? बाटली आणा."

पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची पट्टी त्यांनी पाहिली. जांभळ्या शाईचे शिक्के एकाखाली एक, स्वच्छ. मग त्यांनी रद्दीतली एक जुनी पट्टी घेतली आणि तिच्यावर मावशींच्या औषधाचे दोनच थेंब टाकले. बघता बघता शिक्क्याची शाई पसरली आणि सगळी तारीख जांभळ्या डागात बुडाली.

"बघ. यातला एक थेंब जरी पुस्तकात गेला असता, तरी शिक्क्याने सांगितलं असतं. आणि पानं बघ, कुठे सुरकुती? कुठे डाग? पाणी लागलेला कागद गप्प बसत नाही."

"म्हणजे मावशी सुटल्या?" मी म्हटलं.

"थांब. मेलं कशाने ते कळल्याशिवाय कुणी सुटत नाही."

त्यांनी पुठ्ठ्याच्या आतली कडा नखाने खरवडली. गोंदाची पट्टी तिथे होती, पण जागच्या जागी नव्हती. एका बाजूला ती पातळ झाली होती आणि दुसऱ्या बाजूला गोळा होऊन तिचा एक लहानसा ओघळ पानाच्या कडेवर उतरला होता, मेणबत्तीचा उतरतो तसा.

"जुनी पुस्तकं दोऱ्याने शिवलेली असायची," वन्सं म्हणाल्या. "ही नवी नुसती चिकटवतात. हा गोंद वितळवून लावतात, गार झाला की धरतो. पुन्हा तापवलास की पुन्हा मऊ. मग गार होतो, वरून चिकटलाय असं वाटतं, पण त्यात जोर राहत नाही."

"म्हणजे?"

त्यांनी मास्क वर सारखा केला.

"हे पुस्तक भिजून गेलेलं नाही, वहिनी. भाजून गेलंय."

३. भाजणार कोण?

मी उड्या मारत चिटणीसांना फोन केला. ते म्हणाले, "बरोबर. ऊन!"

"कसलं ऊन?"

"आतल्या खोलीच्या खिडक्या रोज कोण उघडतं? खोकी कुठे असतात? टेबलावर. टेबल कुठे? खिडकीशी. तरी मी म्हणत होतो."

फवारा गेला आणि खिडकी आली. मावशींच्या गळ्यातलं लोढणं तिथेच राहिलं, नुसतं डावीकडून उजवीकडे सरकलं. मी फोन ठेवला आणि वन्संना सगळं सांगितलं. त्या ऐकत नव्हत्या. त्यांच्या हातात त्या पुस्तकाचं प्लास्टिकचं कव्हर होतं. प्रत्येक नव्या पुस्तकाला मी असं कव्हर घालते.

"हे तू घातलंस?"

"मीच घालते सगळ्यांना."

"कोपरे कसे करतेस?"

"कसे म्हणजे? तिरके कापते आणि दुमडते."

"मग हे बघ." कव्हरचे कोपरे कापलेले होते, माझेच. पण त्यांवर नवी घडी होती. चौकोनी, दुहेरी, नखाने दाबून पक्की केलेली. "आणि दुसरं बघ. आतला गोंद वितळला, पण हे प्लास्टिक? एक सुरकुती नाही. उन्हाने किंवा आणखी कशाने पुस्तक तापलं असतं, तर आधी हे आकसलं असतं."

"म्हणजे कुणीतरी कव्हर आधी काढलं..."

"काढलं, पुस्तक भाजलं, गार केलं, आणि पुन्हा घातलं. व्यवस्थित. जपून." वन्संनी कव्हर खाली ठेवलं. "हा पुस्तकांचा शत्रू नाही गं. हा पुस्तकांवर माया करणारा कुणीतरी आहे. असले लोक फार नुकसान करतात."

सातवं पुस्तक शेवटी नेलं होतं कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने. आम्ही दोघी तिच्या दारात गेलो. दुकान बंद, पण ती आत एकटीच कंगवे उकळत बसली होती.

"या या, पण तिथेच थांबा," तिने लांबूनच हाताने रेघ मारली. "चपला बाहेर. नाही, त्या पायपुसण्यावर नको, ते कालच धुतलंय. काय सांगू ताई, मी दुधाच्या पिशवीला साबण लावते, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवते, नवऱ्याला दारातच उभा करून आंघोळीला पिटाळते. परवा तो म्हणाला, मला पण मिठाच्या पाण्यात घाल एकदाचं. मी म्हटलं, तेवढं मोठं पातेलं नाही आपल्याकडे."

"आणि पुस्तक?" वन्संनी विचारलं.

"पुस्तकाला वरून ओलं फडकं. मग ड्रायर."

मी वन्संकडे बघितलं. ड्रायर! केस वाळवायचा गरम वाऱ्याचा ड्रायर, तिच्या हाताशीच लटकत होता.

"लावा जरा," वन्संनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरचा एक तुकडा काढला. "यावर मारा."

ती चकित होऊन उठली. ड्रायरचा झोत जवळून दोन मिनिटं बसला, आणि तुकडा आकसून, गोळा होऊन टेबलावरून खाली पडला.

"अगंबाई! एवढं जवळून नाही हो मारत मी."

"माहीत आहे. मारलं असतंत तर कव्हर असं झालं असतं. तुम्ही नाही." वन्सं हसल्या असाव्यात, ताठ मास्कमुळे नक्की कळलं नाही. "आता खरं सांगा. पुस्तक उघडलंत तेव्हा काय झालं?"

पार्लरवालीचा चेहरा पडला.

"मी आडवी पडून वाचते. पुस्तक पार मागे दुमडून, एका हातात धरून. पहिल्याच रात्री दुमडलं, कट् असा आवाज झाला, आणि वीसेक पानं माझ्या तोंडावर. मला वाटलं मीच मोडलं. इतकी लाज वाटली! म्हटलं, समोरासमोर तर द्यायचं नाहीये, फटीतूनच टाकायचंय. गपचूप टाकून आले." तिने डोळ्याला पदर लावला आणि लगेच आठवण होऊन तो बादलीतल्या पाण्यात टाकला. "चेहऱ्याला हात लावायचा नसतो ना."

रस्त्यावर आल्यावर वन्सं थांबल्या.

"म्हणजे ते खोक्यात मेलंच नाही. तिच्या हातात पडलं तेव्हाच गेलेलं होतं."

४. एकाच कार्डाची माणसं

संध्याकाळपर्यंत मी उरलेल्या सहा वाचकांना फोन केले. सहाही जणांनी आधी कानांवर हात ठेवले आणि मग कबुली दिली. कट् आवाज, पानं मांडीवर, लाज, फट. एकाने पानं पुन्हा डिंकाने चिकटवायचा प्रयत्न केला होता, एकीने मुलावर संशय घेऊन त्याच्याशी दोन दिवस बोलणं बंद केलं होतं. समोरासमोर पुस्तक द्यायचं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं उघडकीला आलं असतं. पण आम्हीच अशी सोय केली होती की कुणाला कुणाचं तोंड दिसू नये. सात जणांनी सात गुपितं त्या फटीतून टाकली आणि सगळी मिळून मावशींच्या डोक्यावर पडली.

"शेवटी नेणारे सात वेगळे," वन्सं म्हणाल्या. "त्यांच्या आधी कुणी नेलं होतं? रजिस्टर काढ."

मी काढलं. बोट ठेवत गेले. पहिलं पुस्तक, कार्ड त्रेचाळीस. दुसरं, त्रेचाळीस. तिसरं. सातव्यापर्यंत त्रेचाळीसच.

"त्रेचाळीसने आणखी काय नेलंय?"

"एकूण अकरा. या सातांशिवाय चार, ती जुनी, शिवणीची. कपाटात आहेत, धडधाकट."

आम्ही ती चार काढली. चारही शाबूत. आणि चारांच्याही कव्हरला तीच चौकोनी, दुहेरी, नखाने दाबलेली घडी.

"शिवलेली वाचली, चिकटवलेली मेली. भट्टीत मात्र अकराही गेली," वन्सं म्हणाल्या. "कोण आहे हा त्रेचाळीस?"

"मास्तर," मी म्हटलं.

मास्तरांनी अर्ध्या गावाला शिकवलंय. वय शहाऐंशी, फुप्फुसं नाजूक, मार्चपासून घराबाहेर पाऊल नाही. दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा, "पोरी, एखादा चांगला खून काढून ठेव."

घर त्यांनी मार्चमध्येच बदललं होतं. फोनवर पत्ता विचारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या तळमजल्यावरच्या दारात उभ्या राहिलो. जाळीच्या आत ते खुर्चीत, बाहेर आम्ही.

"हात धुतलेत?" मास्तरांनी विचारलं.

"हो, सर."

"किती वेळ?"

"वीस सेकंद."

"मोजलेत कशाने? मी एकोणीसचा पाढा म्हणतो. बरोबर वीस सेकंद लागतात. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे दुप्पट स्वच्छता." ते खुदकन हसले आणि त्यांना ठसका लागला. आम्ही दोघी नकळत एक पाऊल मागे झालो आणि दोघींनाही स्वतःची लाज वाटली.

वन्संनी आत नजर टाकली. एकच खोली. एक शेगडी, एक भांडं, एक पातेली. भट्टीसारखं काही नाही. मास्तरांच्या मांडीवर पुस्तक होतं, जेमतेम अर्धवट उघडलेलं, दोन बोटांच्या फटीतून डोकावून बघावं तसं. पान उलटताना त्यांचा हात चांगलाच कापत होता. चौकोनी दुहेरी घडी घालणारा हात हा नव्हता.

"सर, एवढंसंच उघडून वाचता?"

"मग? पुस्तक उताणं पाडू नये, त्याची पाठ मोडते. चाळीस वर्षं पोरांना हेच ओरडून सांगितलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "तुमच्या वाचनालयाचं मात्र कौतुक आहे हो. पुस्तकं कशी गरमागरम पाठवता! पिशवीत हात घातला की भट्टीतून काढलेल्या पावासारखं ऊबदार. माझ्या बोटांना बरं वाटतं."

मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी माझ्याकडे.

"सर," वन्संनी हळूच विचारलं, "पिशवी दाराला कोण अडकवतं?"

"कोण म्हणजे? माझा विद्यार्थी. पहिल्या बाकावरचा. ही खोली त्यानेच बघून दिली, म्हणाला, सर, तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर राहा. वरच्या मजल्यावर राहतो." मास्तरांनी छताकडे बोट केलं आणि नाव सांगितलं.

ते नाव ऐकून मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. धरू नका अशी पाटी त्याच्यावरच लावलेली असताना.

५. ज्याची घडी त्याने ओळखावी

"चिटणीस!" रस्त्यावर आल्याबरोबर मी म्हणाले. "स्वतः पुस्तकं भाजायची आणि मावशींना घालवायचं? थांबा, आत्ता जाऊन..."

"कुठे जातेस? त्याला माहीतच नाहीये."

"काय माहीत नाही?"

"आपण पुस्तकं मारतोय ते. त्याच्या हातून जाताना पुस्तक अखंड असतं. मास्तर ते अर्धंच उघडतात, तिथेही अखंड. मोडतं तिसऱ्याच्या हातात. त्याला वाटतं मधे आपल्याकडेच काहीतरी होतंय. तो खोटं बोलत नाहीये, वहिनी. तो मनापासून चुकतोय."

"मग आज संध्याकाळी सांगूया?"

वन्संनी नकारार्थी मान हलवली.

"एकट्याला सांगितलं तर तो एकट्यातच मागे घेईल. मावशींवर ठपका चारचौघांत ठेवला ना? तो चारचौघांतच निघाला पाहिजे. नाव मात्र मी घेणार नाही."

शनिवारी सभा अंगणात भरली. कार्यकारिणीचे सात जण, खुर्च्या एवढ्या लांब लांब की प्रत्येक जण ओरडून बोलत होता. मावशी पायरीवर बसल्या होत्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. निरोपाच्या दिवशी माणूस नीटनेटकं दिसावं म्हणून, हे मला नंतर कळलं.

चिटणीसांनी ठराव वाचला. वाचताना मावशींच्या बाजूला त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"मला पाच मिनिटं द्या," वन्सं उभ्या राहिल्या.

त्यांनी सातवं पुस्तक आणि त्याचं कव्हर अंगणाच्या मधोमध एका रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि परत आपल्या जागी गेल्या. मग फवाऱ्याचे थेंब आणि शिक्क्याची शाई सांगितली. गोंदाचा ओघळ सांगितला. सात वाचकांची लाज सांगितली. नावं नाहीत, पण पार्लरवाली कुंपणापलीकडून ऐकत होती, ती स्वतःच ओरडली, "त्यातली एक मी!"

"तेव्हा हे आपल्या आतल्या खोलीत झालेलंच नाही. ना फवाऱ्याने, ना खिडकीने. हे कुणाच्या तरी घरी झालं. तो माणूस पुस्तक घरी नेतो, कव्हर काढतो कारण प्लास्टिक आकसेल, पुस्तक ओव्हनमध्ये ठेवतो, गार होत आलं की कव्हर पुन्हा घालतो, आणि आपल्या लाडक्या माणसाच्या दाराला अडकवतो. तीन दिवस ठेवलेलं असूनही त्याला पुरेसं वाटत नाही. त्याची घडी त्या कव्हरवर आहे. एकेकाने येऊन बघा. अंतर ठेवून."

एकेक जण उठून आला, वाकला, मान हलवून गेला. कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांत शेवटी चिटणीस आले. नवे हातमोजे घातले. कव्हर उचललं. कोपरा डोळ्यांजवळ नेला.

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ आधी ताठ झाली आणि मग हळूहळू खाली आली.

"ही घडी," ते म्हणाले. नंतरचे शब्द मास्कमध्येच राहिले.

"मोठ्याने बोला हो!" कुणीतरी ओरडलं.

"ही घडी माझी आहे!" ते खरंच मोठ्याने बोलले. "पस्तीस वर्षं पार्सलांना हीच घातली. दुसरी मला येत नाही."

चिटणीसांनी कव्हर परत खुर्चीवर ठेवलं.

"सर शहाऐंशीचे आहेत. मागच्या महिन्यात खोकले, तर मी रात्रभर जिन्यावर बसून ऐकत होतो. वाचल्याशिवाय ते राहणार नाहीत, आणि पुस्तकं तर शंभर हातांतून येतात. कुणी म्हणतं तीन दिवस पुरे, कुणी म्हणतं सात. रोज वेगळं सांगतात. उष्णतेने मरतं एवढं एकच सगळे म्हणत होते. म्हटलं, शंभर अंश, वीस मिनिटं. पण पुस्तकं ठणठणीत होती हो!"

"उघडून बघितलीत?" वन्संनी विचारलं.

"उघडून? छे. पानांत काय काय असेल, मी तर हातही लावत नव्हतो."

"तीन दिवसांचा नियम कुणाचा?" एका सभासदाने विचारलं.

"माझा."

"आणि त्याच्यावर भरवसा नाही तो कुणाचा?"

"माझाच," चिटणीस म्हणाले आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू खुर्चीखुर्चीवरून अंगणभर गेलं. ते मात्र हसले नाहीत. पायरीपाशी गेले, मोजून दोन हातांवर थांबले.

"मावशी, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. सगळ्यांसमोर. चुकलं माझं."

मावशींनी लुगड्याचा पदर नीट केला.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ज्या वहीत माझ्यावर लिहिलंत ना, त्यातच लिहा. आणि वाचून दाखवा."

चिटणीसांनी ठरावावर काट मारली. खाली लिहिलं, वाचलं: सातही पुस्तकांच्या बाबतीत मावशींचा काही दोष नाही, त्या आपल्या कामावर पूर्ववत राहतील.

"कुंपणापर्यंत ऐकू गेलं नाही," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. कुंपणापलीकडून पार्लरवालीने टाळ्या वाजवल्या.

"आता मास्तरांचं," मावशी पुढे म्हणाल्या. "त्यांची पुस्तकं मी वेगळ्या खोक्यात ठेवीन. सहा दिवस. पिशवी मीच नेऊन अडकवीन. भाजायचं नाही."

"सात दिवस ठेवलीत तर?" चिटणीसांनी चाचरत विचारलं.

"सहा."

"एक दिवस जास्त म्हणून..."

"आठवडाभर पुस्तकाविना ठेवता मास्तरांना? सहा."

"बरं. सहा." त्यांनी लिहून घेतलं. "तुम्हाला आणखी काही हवंय, मावशी?"

मावशींनी जरा विचार केला. सातवीपर्यंत शिकल्या होत्या. कपाटं पुसताना पुस्तकांच्या पाठीवरचा मजकूर वाचायच्या, हे मी अनेकदा पाहिलं होतं. आतलंही वाचायचंय का असं विचारावं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"माझं कार्ड करा," त्या म्हणाल्या. "आणि खुनाबिनाचं काही नको. हल्ली तेवढंच ऐकतोय सगळे. हसू येईल असं द्या."

मी आत गेले. विनोदी पुस्तकांच्या कपाटातून एक चांगलं शिवणीचं, जाडजूड पुस्तक निवडलं, कार्ड लिहिलं, दोन्ही नेऊन पायरीवर ठेवलं. मावशींनी आधी हात पुसले, मग ते पुस्तक मांडीवर घेऊन पार सपाट उघडलं. वन्संनी काही म्हटलं नाही.

सभा पुढे सुरू झाली. चिटणीसांनी नळाच्या दुरुस्तीचा विषय काढला. दोन वाक्यं झाली असतील नसतील, पायरीवरून मास्कच्या आतून खो-खो हसण्याचा आवाज आला. ते थांबले. मावशींनी डोळे पुसायला हात वर नेला, मधेच आठवून खाली घेतला आणि पुन्हा हसल्या.

"पुढे वाचू का?" चिटणीसांनी अदबीने विचारलं.

"वाचा की तुम्ही," पानावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या. "मीही वाचतेय."